थांबलेल्या मोटरीलाही जोर लागतो

सदर : घरचा कारखाना



या वेळी न्यू जर्सीच्या एका आजोबांचं पत्र आलं आहे. आजोबांनी मुंबईत उभा जन्म सुतारकाम केलं. आता गुडघे साथ देत नाहीत आणि हातही थरथरतो, म्हणून मुलानं त्यांना बेसमेंटमध्ये एक छोटं सी.एन.सी. यंत्र आणून दिलं. अकरा वर्षांची नात कॉम्प्युटरवर अक्षर काढते, आजोबा लाकूड निवडतात, आणि यंत्र कोरतं. घरच्या सगळ्या मुलानातवंडांच्या दारांसाठी मझुझाच्या लाकडी डब्या करायच्या असा बेत आहे. लाकूड कुठलं, तर मुंबईहून बरोबर आणलेल्या सागवानी पेटीच्या झाकणाचं. पेटी मोडली, झाकण तेवढं राहिलं. त्यातून बारा डब्या निघतात. त्यातल्या तीन वाया गेल्या.

आजोबा लिहितात, "शिन अक्षराची पहिली दांडी छान येते. दुसरी जरा खोल जाते. तिसरी एवढी खोल की पलीकडून उजेड दिसतो. प्रत्येक दांडी झाली की आम्ही यंत्र थांबवून भुसा व्हॅक्यूमनं ओढून घेतो, म्हणजे भुशाची अडचण नाही. मुलगा म्हणतो मोटर कमजोर आहे, मोठी मागवू. नात म्हणते, आधी विचारून बघू."

आजोबा, नातीचं ऐका. मोठी मोटर मागवू नका. आणि हा दोष सापडेपर्यंत सागवानाला हात लावू नका, पाइनच्या फळीवर प्रयोग करा. नऊच डब्यांचं लाकूड उरलंय.

उभं राहण्याचा खर्च

ज्यांच्या घरी हे यंत्र नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका चौकटीवर फिरणारं पातं असतं. ते डावी-उजवीकडे, मागे-पुढे आणि वर-खाली असं तीन दिशांना सरकतं. वर-खाली होणाऱ्या दिशेला झेड म्हणतात. प्रत्येक दिशेला एक स्टेपर मोटर. ही मोटर पंख्यासारखी भरभर फिरत सुटत नाही, पायऱ्या उतरल्यासारखी ठोके मोजत फिरते. नेहमीची मोटर एका फेऱ्यात २०० पायऱ्या घेते, म्हणजे दर पायरीला १.८ अंश. कॉम्प्युटरनं "चारशे ठोके" म्हटलं की बरोबर दोन फेरे.

आता खरी गोष्ट. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत, हे मुलांनी घरी ऐकलंच असेल. तो घाणा थांबला की जड लाट आपल्याच वजनानं उखळात बसून राही. बैल सोडला की झालं, थांबून राहायला घाण्याला कोणाची मदत लागत नसे. स्टेपर मोटरचं तसं नाही. तिला जागेवर धरून ठेवायचं असेल तर थांबलेली असतानाही तिच्या वेटोळ्यांतून वीज वाहत राहावी लागते. वीज असली की लोहचुंबकाचे दात समोरासमोर ओढून धरले जातात. वीज गेली की मोटर सैल पडते, आणि तिच्या आधारानं लटकणारं वजन खाली यायला मोकळं होतं.

मुलांनो, पाण्यानं भरलेली बादली हात लांब करून धरून बघा. बादली हलत नाही, पण दोन मिनिटांत हात भरून येतो. स्थिर उभं राहण्यालाही जोर लागतो, तो दुसऱ्याला दिसत नाही एवढंच. या जोराला इंग्रजीत होल्डिंग टॉर्क म्हणतात, आपण "धरून ठेवायचा जोर" म्हणू. मोटरच्या कागदावर हाच आकडा छापलेला असतो. अमेरिकेत तो बहुधा औंस-इंचात असतो, बाहेर न्यूटन-मीटरमध्ये. एक न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १४२ औंस-इंच.

मोटरवर "नेमा १७" किंवा "नेमा २३" असं लिहिलेलं बघून पुष्कळांना वाटतं की ती ताकद आहे. नाही हं! नेमा म्हणजे अमेरिकेतल्या वीज-सामान कारखानदारांची संघटना, आणि १७ म्हणजे मोटरचं तोंड १.७ इंच चौरस, २३ म्हणजे २.३ इंच. ते फक्त माप आहे, कपड्यांवर असतं तसं.

यंत्र आलं कुठून?

आकड्यांवर चालणारं यंत्र ही याच देशातली गोष्ट. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीचे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवीत. पात्याचा वळणदार आकार हातानं अचूक कापणं कठीण, म्हणून यंत्राला चित्राऐवजी आकडे द्यावेत अशी कल्पना त्यांनी काढली. हवाई दलाच्या पैशातून काम सुरू झालं, आणि १९५२ साली बॉस्टनजवळच्या एम.आय.टी.मध्ये भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं पहिलं यंत्र लोकांना दाखवलं गेलं. ते खोलीभर होतं. आज तेच काम टेबलावर होतं, त्याचं एक कारण जी.आर.बी.एल. नावाचा छोटा प्रोग्राम. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी तो २००९ साली सुरू केला आणि सर्वांना फुकट दिला. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरच्या यंत्रात तोच किंवा त्याचा भाऊबंद असतो. आजोबांच्या यंत्रातही तोच आहे, हे त्यांनी पाठवलेल्या फोटोवरून कळलं.

मोठ्या कारखान्यांतल्या मोटरी आपण कुठे आहोत हे परत कळवतात. आपली स्वस्त स्टेपर तसं काही कळवत नाही. कॉम्प्युटर ठोके पाठवतो आणि ते पडलेच असं धरून चालतो. मधल्या वेळात कोणी पातं खाली ढकललं, किंवा ते आपणहून घसरलं, तर त्याला पत्ताच नाही. म्हणून पातं एकदा दोन मिलिमीटर घसरलं की त्यापुढचं सगळं काम दोन मिलिमीटर खोल.

कधी घसरतं ते आधी बघा

डॉक्टर आधी विचारतात की ताप कधी येतो, सकाळी की संध्याकाळी? तसंच इथे. घसरण्याच्या तीन वेळा असतात आणि तिन्ही दुखणी वेगळी.

यंत्राची मुख्य वीज बंद केल्यावर घसरत असेल, तर तो दोष नाही, तो स्वभाव आहे. त्याबद्दल शेवटी सांगतो.

कापता कापता घसरत असेल, तर कापण्याचा भार मोटरला झेपत नाही, किंवा काहीतरी ढिलं आहे.

यंत्र थांबलेलं असताना, वीज चालू असूनही घसरत असेल, तर मोटरला कोणीतरी "सोड" म्हणून सांगतंय. आजोबा दर दांडीनंतर भुशासाठी यंत्र थांबवतात आणि दर वेळी पुढची दांडी जास्त खोल जाते. संशय इथेच येतो.

पण संशयावरून औषध देऊ नये. राउटरचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढा. पातं फळीच्या वर साधारण अर्धा इंच आणा. पोलादी पट्टीनं अंतर मोजा आणि कागदावर लिहा. दोन मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. यंत्र चालू असून अंतर कमी झालं, तर चोर थांबण्याच्या वेळी येतो हे नक्की झालं.

अंतर तेवढंच राहिलं तर दुसरा संशयित बघा : राउटरचा कोलेट नीट आवळला नसेल तर कापताना पातंच हळूहळू खाली ओढलं जातं, आणि त्याचाही परिणाम अगदी असाच दिसतो. पातं कोलेटमधून जिथे बाहेर येतं तिथे मार्करनं रेघ ओढून ठेवा. काम झाल्यावर रेघ खाली आली असेल तर मोटर बिचारी निर्दोष आहे.

आणखी एक जुनी युक्ती. मोटरचा दांडा आणि आट्यांचा लांब स्क्रू जिथे जोडलेला असतो, तिथे दोन्हींवरून एक सरळ रेघ मारा. आजीच्या नेलपॉलिशची चालेल. घसरल्यावर रेघ तुटली असेल तर जोडाचा बारीक स्क्रू ढिला आहे, अ‍ॅलन कीनं आवळा. रेघ सलग असून सगळंच फिरलं असेल, तर मोटरनंच सोडलं.

पाच तपासण्या, याच क्रमानं

पहिली : प्रोग्राममधली आज्ञा. जी.आर.बी.एल.मध्ये काम थांबल्यावर किती वेळानं मोटरी सोडायच्या याचा एक आकडा असतो. नेहमी तो २५ असतो, म्हणजे २५ मिलिसेकंद, एका सेकंदाचा चाळिसावा भाग. भुसा काढायला आजोबा वाकेपर्यंत मोटर केव्हाच सैल पडलेली असते! नातीला सांगा : कॉम्प्युटरवर आज्ञा लिहायच्या चौकटीत डॉलरचं चिन्ह दोनदा टाइप कर, सगळ्या आकड्यांची यादी येईल. त्यात डॉलर-एक समोर काय आहे ते वहीत उतरवून घे. मग डॉलरचं चिन्ह, एक, बरोबरचं चिन्ह आणि २५५ असं टाइप कर, आकडे इंग्रजी. २५५ चा अर्थ "कधीच सोडू नकोस". त्यानंतर यंत्र थोडं हलव आणि दोन मिनिटांची चाचणी पुन्हा घे. माझ्या मते आजोबांचं दुखणं इथेच बरं व्हावं. तुमच्या यंत्रात दुसरा प्रोग्राम असेल तर त्याच्या पुस्तिकेत "आयडल" हा शब्द शोधा.

दुसरी : ड्रायव्हरची काटकसर. प्रोग्राम आणि मोटर यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाची पेटी असते. ती मोटरला वीज मोजून देते. पुष्कळ ड्रायव्हर मोटर थांबली की वीज आपोआप अर्धी करतात. त्यात लबाडी नाही. वीज अर्धी केली की जोर साधारण अर्धा होतो, पण उष्णता चौथ्या हिश्शावर येते. आडव्या दिशांना एवढा जोर पुरतो. झेडवर राउटरचं वजन लटकत असल्यानं तिथे कधी पुरत नाही. पेटीच्या बाजूला बारीक बटणांची ओळ असते, त्यातलं एक यासाठी असू शकतं. पुस्तिका बघून, वीज बंद करून, फक्त झेडच्या ड्रायव्हरचं बदला.

तिसरी : तारा. वीज बंद करा आणि राउटरसकट सगळे प्लग काढा. मोटरच्या चार तारांच्या दोन जोड्या असतात. मल्टिमीटरनं एका जोडीत थोडेच ओहम दिसले पाहिजेत, आणि एका जोडीतून दुसरीत काहीच जाता कामा नये. एक जोडी तुटलेली असेल तर मोटर कुठे धरते, कुठे सोडते, आणि हलताना थरथरते. इथे एक गोष्ट ठळक लिहून बेसमेंटच्या भिंतीवर लावा : यंत्र चालू असताना मोटरची तार कधीही काढायची नाही. त्यानं ड्रायव्हर जळतो.

चौथी : विजेचा आकडा. मोटरच्या लेबलवर किती अँपियर ते लिहिलेलं असतं. ड्रायव्हर त्यापेक्षा फारच कमी देत असेल तर वाढवा, पण लेबलच्या वर जाऊ नका. काही जण व्होल्ट वाढवायला धावतात. व्होल्ट वाढल्यानं मोटर वेगात बरी पळते, पण थांबून धरण्याचा जोर अँपियरवर असतो आणि ते ड्रायव्हर ठरवतो. तेव्हा तो खर्च फुकट.

पाचवी : उष्णता. सुरुवातीला ठीक आणि दहा-पंधरा मिनिटांनी घसरायला लागतं, असं असेल तर ड्रायव्हर तापून स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडत असेल. थोडा थंड झाला की पुन्हा धरतो. त्याच्यावर छोटा पंखा बसवा, धूळ झटका. मोटर गरम होते ती वेगळी. थांबलेल्या मोटरीत जाणारी सगळी वीज उष्णताच होते, म्हणून ती चांगली गरम लागणं नवल नाही. पण मुलांनी हात लावून बघायचं नाही.

एवढं सगळं करूनही झेड घसरत असेल तर वजनाकडे बघा. राउटर जड असेल तर त्याला वरून स्प्रिंगचा आधार देतात. आट्यांचाही प्रश्न असतो. घरच्या यंत्रात आठ मिलिमीटर जाडीचा स्क्रू पुष्कळदा असतो. त्याचा एक प्रकार एका फेऱ्यात आठ मिलिमीटर सरकतो, दुसरा दोन. आठवाला म्हणजे उभ्या चढाची घसरगुंडी, वजन ठेवलं की स्क्रूच उलटा फिरतो. दोनवाला म्हणजे सौम्य चढ, तिथे घर्षणच वजन अडवून धरतं. दोनवाला बसवला तर झेड हळू चालेल आणि प्रोग्राममध्ये ठोक्यांचा आकडा बदलावा लागेल, पण वजन बहुतेक स्क्रूच धरून ठेवील. मोठ्या मोटरीपेक्षा हा उपाय बरा, आणि बहुधा स्वस्तही.

आणि लाकडापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे बोटं. मोटर सैल पडली तरी राउटर फिरतच असतो. भुसा काढताना नातीचा हात नेमका पात्याखाली असतो. म्हणून भुसा काढायचा तर आधी राउटर बंद, पातं पूर्ण थांबेपर्यंत हात खिशात. २५५ टाइप केलं तरी हा नियम सुटत नाही, कारण वीज कधीही जाऊ शकते.

मुलांसाठी खेळ

जुना, फेकायला काढलेला प्रिंटर असेल तर आईबाबांना विचारून त्यातली स्टेपर मोटर काढून घ्या. विजेला जोडायची नाही. तिचा दांडा दोन बोटांनी फिरवा : टक, टक, टक असे बारीक खटके लागतील. विजेशिवाय मोटर एवढंच धरते. आता एका जोडीच्या दोन तारांची उघडी टोकं एकमेकींना पीळ देऊन जोडा आणि पुन्हा फिरवा. दांडा जड लागेल! तुम्ही फिरवता तेव्हा मोटर स्वतःच वीज तयार करते आणि ती वीज तुम्हालाच विरोध करते. जोडी चुकली तर दांडा हलकाच राहील. म्हणजे मल्टिमीटर नसला तरी तारांच्या जोड्या शोधायची युक्ती तुम्हाला कळली. आजोबांना करून दाखवा.

शुक्रवारची तयारी

आता त्या "स्वभावाबद्दल". वीज बंद केली की झेड खाली येणारच. शुक्रवारी शब्बाथच्या आधी यंत्र बंद करायचं असतं, आणि घाईत नुसता प्लग ओढला की पातं खाली येऊन लाकडात टोचतं. पातं मोडतं, नाहीतर अर्धं काम बिघडतं. २५५ आहे म्हणून यंत्र रात्रभर, दिवसभर चालू सोडणं हा उपाय नव्हे. रिकाम्या घरात मोटरी तापत ठेवू नयेत.

त्यापेक्षा अशी सवय लावा. दुपारी काम एखाद्या पूर्ण टप्प्यावर आणा, अक्षर अर्धवट ठेवू नका. राउटर बंद करा, त्याचा प्लग काढा, पातं काढून डबीत ठेवा. राउटरखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवा आणि राउटर त्यावर हळूच टेकेपर्यंत झेड खाली आणा. मग मुख्य वीज बंद. आता वजन ठोकळ्यावर आहे, मोटरीवर नाही. हे सगळं दिवे लावायच्या बरंच आधी उरका, शेवटच्या मिनिटाला नको.

शनिवारी रात्री हवदाला झाल्यावर यंत्र चालू केलंत, तर ते आहे तिथेच असेल असं समजू नका. वीज आली की मोटर जवळच्या दातावर जाऊन बसते, आणि प्रोग्रामला जुनी जागा आठवत नाही. ज्यांच्या यंत्राला होमची बटणं आहेत त्यांनी आधी होम करावं. ज्यांना नाहीत त्यांनी खालच्या फळीवर एका कोपऱ्यात बारीक भोक पाडून ठेवावं आणि दर वेळी तिथून सुरुवात करावी. पातं परत लावल्यावर उंची मात्र नव्यानंच घ्यावी लागते : लाकडावर कागदाचा कपटा ठेवा, पातं खाली आणा, कपटा अडकायला लागला की ती शून्याची जागा.

एक शेवटचं. डबी यंत्रावर कोरा, त्यावर शिन कोरा, हवी तर वेलबुट्टी काढा. पण आतला चर्मपत्राचा तुकडा सोफेरनं हातानं लिहिलेलाच लागतो. डबी करण्याआधी त्याची गुंडाळी मोजून घ्या आणि आतली जागा थोडी सैल ठेवा, म्हणजे ती चुरगळणार नाही. लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं-आकसतं, हे आजोबांना मी काय सांगू!

पुढच्या अंकात कोलेट आणि बोथट पाती. पत्रं पाठवत राहा, मुलांनीही लिहावं. मराठी लिहिता येत नसेल तर आजीला सांगून लिहून घ्यावं.

लोभ असावा.